मुंबईत जायचे कशाने?

शेतकरी माणूस मुंबईला हौसेने क्वचितच जातो. बहुधा घरातले कुणाचे तरी दुखणे त्याला तिथे नेते. टाटा आणि केईएम ही दोन्ही मोठी रुग्णालये परळला आहेत. पहाटे दादरला गाडीतून उतरले की हातात बोचके, सोबत आजारी माणूस आणि समोर प्रश्न : आता जायचे कशाने?

गावाकडे आपण अंतर कोसांत सांगतो. मुंबईकर ते मिनिटांत सांगतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली आणि पुढे रुळांच्या कडेकडेने शहर वाढत गेले. म्हणून लांबच्या पल्ल्याला मुंबईकर आधी लोकल धरतो. ती स्वस्तही आहे. मात्र धीमी कोणती आणि जलद कोणती, हे विचारूनच चढावे. मध्य रेल्वेवर दादरनंतरचे स्टेशन परळ. तिथे धीमी गाडी थांबते, जलद थांबत नाही.

गर्दीचीही एक दिशा असते. जुन्या कचेऱ्या फोर्टकडे, म्हणून सकाळी माणसांचा लोंढा दक्षिणेकडे जातो आणि संध्याकाळी उलटा फिरतो. ज्याला लोंढ्याच्या विरुद्ध जायचे असते त्याला पुष्कळदा बसायला जागा मिळते. दुपारी गर्दी ओसरते. जमेल तर तपासणीची वेळ तशी मागून घ्यावी.

एक सोय पुष्कळांना ठाऊक नसते. लोकलमध्ये अपंगांसाठी जो राखीव डबा असतो, त्यात कर्करोगाच्या रुग्णांना आणि गरोदर बायांनाही बसता येते. रुग्णालयाचे कागद मात्र जवळ हवेत.

रिक्षा शोधत दादरला उभे राहू नये. वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगीच नाही. तिथे बेस्टची बस किंवा काळी-पिवळी टॅक्सी. बसला पैसे कमी, पण वाट पाहावी लागते. टॅक्सीत बसताना मीटर पाडला की नाही ते पाहावे.

मुंबईकर घड्याळ पाहून वाहन निवडतो. आपण बरोबरचे माणूस पाहून निवडावे. एकटे असाल तर खुशाल लोकलने फिरा, चार पैसे वाचवा. पण म्हातारी आई थकलेली असेल, जिना चढवत नसेल, तर दादर ते परळ टॅक्सीच करावी. अंतर थोडे आहे, आणि तिच्या अंगातले बळ पुढे रुग्णालयातल्या रांगेसाठी लागणार आहे.