आगमनकाळातला द्वारपाल

'नाताळ' हा शब्द मराठीत घरचा झाला आहे. पोर्तुगीज भाषेतून तो कोकण किनाऱ्यावर उतरला, स्थिरावला, आणि आज ज्या घरांत कधी क्रूस टांगला गेला नाही तेथेही नाताळची सुट्टी असते. 'आगमनकाळ' या शब्दाचे तसे झाले नाही. तो उपासनेच्या पुस्तकात आहे, आमच्या प्रवचनांत आहे, चर्चच्या फलकावर आहे. परंतु वसईतील आमच्या गावांत कुणाच्या ओसरीवर तो सहज उच्चारला गेल्याचे आम्हांला आठवत नाही. सणाला बोलीतला शब्द लाभला, सणाआधीच्या प्रतीक्षेला मात्र पोथीतलाच राहिला. इतकी वर्षे धर्मगुरू म्हणून काढल्यावर आम्हांला असे वाटू लागले आहे, की यात दोष शब्दाचा नाही. प्रतीक्षा ही गोष्टच आमच्या अंगवळणी पडलेली नाही. आणि हे आम्ही भाविकांविषयी नव्हे, आधी स्वतःविषयी लिहीत आहोत.

ज्यांना हा काळ परिचित नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा हा काळ. पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान येतो आणि त्या दिवशी चर्चचे नवे उपासनावर्ष सुरू होते. म्हणजे आमचे वर्ष जन्मापासून सुरू होत नाही, वाट पाहण्यापासून सुरू होते. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी होतात. रविवारच्या मिस्सेतील गौरवगीत थांबते, ते नाताळच्या रात्री पुन्हा गायले जाते. तिसऱ्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी रंग चालतो, कारण आता थोडेच दिवस उरले आहेत. वेदीजवळ हिरव्या डहाळ्यांच्या चक्रात चार मेणबत्त्या असतात आणि दर रविवारी एकेक पेटवली जाते. या चक्राची सुरुवात 1839 साली हाम्बुर्ग येथे योहान हिन्रिख विखर्न या प्रॉटेस्टंट पाळकाने केली असे मानतात. तो गरीब मुलांसाठी वसतिगृह चालवीत असे, आणि 'नाताळ कधी' या मुलांच्या रोजच्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्याने गाडीच्या एका चाकावर मेणबत्त्या लावल्या. कॅथलिक चर्चने तो प्रघात पुढे आपलासा केला. न संपणाऱ्या प्रश्नाला रोज एका ज्योतीचे उत्तर देणे, ही कल्पना आम्हांला कोणत्याही प्रवचनापेक्षा मोठी वाटते.

मराठी वाचकाला या प्रतीक्षेचे मोठे उदाहरण हवे असेल, तर ते त्याच्याच भाषेत आहे. 1579 साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची दोन पुराणे आहेत. त्यांतील पहिले सारे जुन्या कराराचे, म्हणजे ज्याचा जन्म अजून व्हायचा आहे त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या लोकांचे. अभ्यासक या ग्रंथाकडे भाषेसाठी वळतात, ते योग्यच आहे. परंतु वाचकाला गव्हाणीपर्यंत नेण्याआधी हजारो ओव्यांची वाट चालायला लावणारा हा कवी धर्मगुरूही होता, आणि जन्माची गोष्ट घाईने सांगू नये हे त्याला ठाऊक होते.

आमचा डिसेंबर मात्र घाईचा असतो. घरोघरी ताराकंदील लागतात, तरुण मंडळी गोठ्याच्या देखाव्यासाठी बांबू आणि पेंढा जमवतात. भातशेती आक्रसत गेली तसा पूर्वी कुणाच्याही खळ्यातून मिळणारा पेंढा आता गाडीभाडे देऊन आणावा लागतो. कॅरलगायनाचे गट वाड्यावाड्यांतून फिरतात. त्यांच्या वेळा आखणे, पेट्यांचा हिशेब ठेवणे आमच्याकडे. मैदानावरील मिस्सेसाठी मंडप, जनित्र, खुर्च्या, वाहनतळ आणि पोलिसांचा परवाना हेही आमच्याकडेच. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास 2000 सालच्या नियमांनी बंदी आहे. सवलत मिळते की नाही यावर 'मध्यरात्रीची मिस्सा' खरोखर किती वाजता करायची हे ठरते. या सगळ्यात गैर काही नाही. सण माणसांचा असतो आणि माणसांना खुर्च्या लागतात. फक्त ज्या महिन्यात 'थांबा, जागे राहा' असे दर रविवारी सांगायचे, त्याच महिन्यात सांगणारा स्वतः क्षणभर थांबलेला नसतो.

आता जे सांगायचे म्हणून लिहायला बसलो, त्याकडे येतो.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बेथलेहेमची गोष्ट वाचली जात नाही, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. त्या दिवशीचे शुभवर्तमान जागे राहण्याविषयी असते, आणि तीन वर्षांच्या चक्रात त्याचा उतारा बदलतो. या चक्राच्या दुसऱ्या वर्षी मार्कच्या तेराव्या अध्यायातला दृष्टान्त येतो. घरधनी परदेशी जाताना प्रत्येक चाकराला त्याचे काम नेमून देतो आणि द्वारपालाला जागे राहण्यास सांगतो. धनी संध्याकाळी येईल, मध्यरात्री येईल, कोंबडा आरवताना येईल की पहाटे, हे कुणालाच माहीत नाही. 3 डिसेंबर 2017 रोजी आम्ही या दृष्टान्तावर बोललो. बरे बोललो असावे, कारण मिस्सेनंतर दोघातिघांनी हात हातात घेऊन तसे सांगितले.

त्या वर्षी नाताळ सोमवारी होता. अशा वर्षी आगमनकाळ सर्वांत तोकडा, अवघ्या बावीस दिवसांचा असतो. चौथा रविवार 24 डिसेंबरला येतो, सकाळी जांभळी वस्त्रे आणि त्याच रात्री पांढरी. त्यामुळे शनिवार, 23 डिसेंबरची संध्याकाळ हीच तयारीची शेवटची संध्याकाळ होती. नाताळापूर्वी पापनिवेदनासाठी पुष्कळ लोक येतात. आसपासच्या धर्मग्रामांतील धर्मगुरू एका ठरलेल्या संध्याकाळी एकत्र बसतात, तो दिवस होऊन गेला होता. उरलेल्यांसाठी आम्ही शनिवारी दोन तास बसू असे फलकावर लिहिले होते.

रांग संपत आली असताना मैदानावरून निरोप आला. जनित्र आले होते, ते कोठे उतरवायचे यावरून मंडपवाला आणि आमचे कार्यकर्ते यांच्यात वाद सुरू होता, आणि गायकवृंद आत येण्यासाठी दाराशी खोळंबला होता. फलकावरची वेळ संपली होती. आम्ही खुर्चीवरून उठलो, गळ्यातला जांभळा पट्टा काढून घडी घातला. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक गृहस्थ उठून पुढे आले. वय पन्नाशीच्या पुढचे, चेहरा ओळखीचा नव्हता. "फादर, जरा..." एवढेच ते म्हणाले. आम्ही म्हणालो, "काका, उद्या सकाळी मिस्सेआधी या ना, निवांत बसू." ते म्हणाले, "बरं, फादर." आणि गेले.

सकाळी ते आले नाहीत. रात्रीच्या मिस्सेला आम्ही वेदीवरून गर्दीत शोधले. इतक्या माणसांत एक चेहरा सापडणे कठीणच. नाताळनंतर चर्चची उघडझाप पाहणाऱ्या काकांकडे सहज विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, "तो होय? तो शुक्रवारीपण आलेला, फादर. बराच वेळ मागं बसून होता. मला वाटलं, तुमची ओळख आहे." शुक्रवारी आम्ही पापनिवेदनाला बसलोच नव्हतो, हिशेबाच्या बैठकीत होतो.

पापनिवेदनात जे ऐकले ते धर्मगुरूला कधीही, कोणत्याही कारणासाठी, कुणालाही सांगता येत नाही. हे मौन आम्ही आजवर पाळले आहे आणि मरेपर्यंत पाळू. येथे जे लिहिता आले ते केवळ यासाठी, की आम्ही काहीच ऐकले नव्हते. त्या गृहस्थांच्या मनावर फार मोठे ओझे होते असे मानण्यास आमच्याजवळ काहीही आधार नाही. कदाचित नेहमीचेच काही असेल, भावाशी अबोला, घरातली कटकट. कदाचित ते दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये गेले असतील आणि हलके होऊन परतले असतील. तसे झाले असावे अशी आमची प्रार्थना असते. नक्की एवढेच ठाऊक आहे, की ते दोन संध्याकाळी वाट पाहत बसले होते, आणि ज्याने तीनच आठवड्यांपूर्वी द्वारपालावर प्रवचन दिले होते, त्याने दार ओढून घेतले.

पुढे आम्ही स्वतः पापनिवेदनाला गेलो तेव्हा हे सांगितले. ऐकणारे धर्मगुरू वयोवृद्ध होते. (मौनाचे बंधन ऐकणाऱ्यावर असते, सांगणाऱ्यावर नाही, म्हणून हे लिहिता येते.) त्यांनी समजूत घातली नाही आणि रागावलेही नाहीत. प्रायश्चित्त म्हणून एखादी प्रार्थना सांगतील असे आम्हांला वाटले होते. ते म्हणाले, "यापुढे दर नाताळला रांग संपल्यावर एक तास जास्त बसा. कुणी येवो, न येवो."

प्रथम हे प्रायश्चित्त आम्हांला सोपे वाटले. बसून पाहिल्यावर तसे राहिले नाही. पहिल्या वर्षी त्या तासात मनातल्या मनात सगळा जमाखर्च झाला. दुसऱ्या वर्षी झोप लागली. 2019 साली आमची बदली झाली, आणि ते गृहस्थ कधी परतलेच तर आम्ही त्या चर्चमध्ये असणार नाही, हेही निश्चित झाले. मग नव्या ठिकाणी कुणासाठी बसायचे? हा प्रश्न आम्हांला बरेच दिवस छळत होता. उत्तर दृष्टान्तातच होते. ते वाचूनही आमच्या लक्षात आले नव्हते. द्वारपालाला कोण येणार हे निवडायचे नसते. कधी, हेही त्याच्या हाती नाही. प्रतीक्षा ही मनाची हुरहुर आहे अशी आमची समजूत होती आणि ती हुरहुर भाविकांत जागवणे हे आपले काम, असे वाटत होते. मार्कच्या दृष्टान्तात हुरहुरीचा उल्लेखच नाही. तेथे नेमून दिलेले काम आहे आणि नेमून दिलेली जागा आहे. द्वारपालाला आनंद वाटतो की कंटाळा येतो, हे कुणी विचारलेले नाही. तो दाराशी आहे की नाही, एवढेच पाहिले जाणार आहे.

2020 च्या नोव्हेंबरात तोच उतारा पुन्हा आला. त्या नाताळात रात्रीची संचारबंदी असल्याने मध्यरात्रीची मिस्सा झाली नाही, आणि एका वेळी 50 माणसांनाच आत घेता येत होते. नावांची यादी हातात घेऊन चर्चच्या दाराशी आम्ही खरोखरीच द्वारपालासारखे उभे होतो, आणि माणसांना परत पाठवीत होतो. एक आजी म्हणाल्या, "फादर, मी बाहेरच उभी राहते, आवाज आला तरी पुरे." त्या पायरीखाली अंतर राखून उभ्या राहिल्या आणि मिस्सा संपेपर्यंत हलल्या नाहीत. आगमनकाळ हा शब्द त्यांनी कधी उच्चारला असेल असे वाटत नाही.

गोठ्याच्या देखाव्याचा उगम सांगताना 1223 सालच्या ग्रेच्चोची गोष्ट आम्ही दर वर्षी मुलांना सांगतो. इटलीतल्या त्या खेड्यात असिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गव्हाण मांडली. त्याचा चरित्रकार थॉमस चेलानो याच्या वर्णनात गवत आहे, बैल आहे, गाढव आहे. बाळाच्या मूर्तीचा उल्लेख नाही. रिकाम्या गव्हाणीसमोर मिस्सा झाली. आमच्याकडेही गोठा आधी उभा राहतो आणि बाळ येशूची मूर्ती 24 डिसेंबरच्या रात्रीच ठेवली जाते. तोवर पेंढ्यात एक खळगा तेवढा असतो. लहान मुले येतात, वाकून पाहतात आणि 'बाळ कुठे आहे?' असे विचारतात. 'यायचे आहे' असे आम्ही सांगतो. पूर्वी हे उत्तर मुलांपुरते वाटे.

गेल्या नाताळापूर्वीही रांग संपली आणि आम्ही बसून राहिलो. समोरची खुर्ची रिकामी, बाहेर मंडपवाल्यांचे ठोकाठोकीचे आवाज. गायकवृंदातली एक मुलगी विसरलेली गाण्यांची वही न्यायला आत आली, आम्हांला पाहून दचकली. "फादर, अजून बसलात? कुणी यायचंय का?"

आम्ही 'हो' म्हणालो. तिने दाराकडे पाहिले, आणि जाताना ते ओढून घेतले नाही. तास भरला तेव्हा कुणी आलेले नव्हते. जांभळा पट्टा घडी करून ठेवला, दिवे मालवले, आणि जनित्र कोठे उतरवले आहे ते पाहायला मैदानाकडे गेलो.