तंबू कुठे ठोकायचा

शेलूला उल्हास नदीच्या काठावर एक जांभूळ आहे. त्याच्या फांद्यांत सुकलेल्या गवताच्या जुड्या, पेंढा आणि फाटक्या पिशव्यांच्या चिंध्या अडकलेल्या दिसल्या. हात वर करूनही पोचणार नाही इतक्या उंच. डिसेंबरातली सकाळ होती. खाली नदी गोट्यांवरून खळखळत चालली होती, गुडघाभर पाण्यात एक बाई कपडे धूत होती. एवढीशी ही नदी जुलैत कुठल्या कुठे चढते हे त्या फांद्यांनी लिहून ठेवलं होतं.

जानेवारीत घरातली सगळी पोरं-थोरं मिळून तंबूत राहायचं ठरत होतं आणि आम्ही जागा बघायला उतरलो होतो. भाच्याने फोनवर बऱ्याच जागा शोधून ठेवल्या होत्या. कर्जत-नेरळकडे आता अशा जागांची रांगच लागली आहे, आणि प्रत्येकीचा पहिला गुण एकच, ‘रिव्हर टच’. तंबूच्या दारातून पाय बाहेर काढला की पाण्यात. मला नदी फार आवडते, पण झोपताना ती थोडी लांब आणि खाली असलेली बरी. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस 27 जुलै 2019 च्या पहाटे बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी राहिली. आत हजाराहून जास्त माणसं होती. डब्यांच्या दोन्ही बाजूंना शेतं दिसेनाशी झाली होती, नुसतं तांबडं पाणी. एनडीआरएफच्या होड्या आल्या, नौदलाचे पाणबुडे आले, आणि दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. वांगणी म्हणजे शेलूच्या अलीकडचं स्टेशन, आणि पाणी ह्याच उल्हासचं.

म्हणून पावसाळ्यात इथे तंबू नाही, हे पहिलं ठरलं. तेव्हा धबधबे बघायला आख्खी मुंबई उतरते आणि दर वर्षी कुणाच्या तरी घरचं माणूस परत येत नाही. हिवाळा मात्र ह्या खोऱ्याचा. भात कापून झालेलं असतं, खाचरं कोरडी पडलेली असतात, ऐन आणि सागाची पानं गळायला लागलेली असतात. रुळांच्या एका अंगाला माथेरानचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला नदी, त्यामुळे थंडी दोन्हीकडून येते.

राजमाचीच्या दरीतून, कोंढाण्याच्या लेण्यांखालून निघणारी ही नदी मे महिन्यातही वाहत असते. सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या किती नद्या उन्हाळ्यात डबक्यांपुरत्या उरतात, मग हीच कशी वाहते, ह्याचं उत्तर घाटावर आहे. मावळात आंद्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण बांधलं, तिथलं पाणी बोगद्यातून आणि नळांतून डोंगराखाली भिवपुरीच्या वीजघरात सोडलं. 1922 सालची ही गोष्ट. वीज मुंबईला गेली आणि चाकं फिरवून झालेलं पाणी पेज नदीत आलं, पेजेतून उल्हासमध्ये. आंद्रेचं पाणी एरवी इंद्रायणीत, तिथून भीमेत, मग कृष्णेतून पार बंगालच्या उपसागराला गेलं असतं. ते शेलूवरून वसईच्या खाडीकडे जातं. एप्रिलच्या उन्हात नदीत डुंबणारी पोरं मावळातल्या पावसात डुंबत असतात.

त्याच विजेच्या तारांचे मनोरे 1942 च्या चले जाव चळवळीत ह्या भागात रात्री कोसळायचे. ते पाडायचे माथेरानला जन्मलेले वकील विठ्ठल लक्ष्मण कोटवाल, म्हणजे भाई कोटवाल, आणि त्यांचा आझाद दस्ता. मुंबईचे कारखाने बंद पाडायचे तर वीज तोडायची, इतका सरळ हिशेब. दस्त्यातली माणसं रानात राहत होती, आज इथे तर उद्या तिथे, आणि आदिवासी पाड्यांवरून त्यांना भाकरी पोचत होती. 2 जानेवारी 1943 च्या सकाळी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई कोटवाल आणि हिराजी पाटील तिथे पडले. कोटवालांचं वय तीस. जानेवारीतल्या रात्री ह्या डोंगरांत गोधडी अंगावर घेतली की मला हे आठवतंच, आणि पोरांना ते सांगायचंच असंही मी ठरवलं आहे.

जेवणाचं काय, असं वहिनीने विचारलं. जागेवाल्यांकडे बार्बेक्यू मिळतो, पनीरचे तुकडे, कोंबडीचे तुकडे, सोबत पाव. मी म्हटलं, रायगडात जानेवारीत येऊन पोपटी सोडून दुसरं काही खायचं असेल तर घरीच राहू.

माझी पहिली पोपटी ह्याच खोऱ्यातली. वडिलांच्या स्नेह्यांचं शेत होतं, त्यांना आम्ही मामा म्हणायचो. भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल टाकायचे, वर पाणी द्यायचं नाही, उरलेल्या ओलाव्यावर आणि दवावर ते पोसायचे. जानेवारीत शेंगा भरल्या की एका संध्याकाळी मामा आम्हांला बांधावर पाठवायचे भांबुर्डीचा पाला आणायला. हाताला चुरडला की उग्र, कापरासारखा वास येतो त्याला. बोटांवरून दुसऱ्या दिवशीही जात नाही. मडक्याच्या तळाला हा पाला पसरायचा. त्यावर न सोललेल्या वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मग मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, अंडी, बटाटे, पुन्हा शेंगा, पुन्हा मीठ आणि ओवा. शेवटी तोंडाशी पाला दाबून दाबून भरायचा, इतका घट्ट की मडकं उलटं केलं तरी आतलं हलू नये. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. शेंगांच्या अंगच्याच पाण्यावर सगळं शिजतं.

मडकं जमिनीवर पालथं ठेवून मामा त्याच्याभोवती गोवऱ्या, काटक्या आणि पेंढा रचायचे आणि पेटवून द्यायचे. ज्वाळा माणसाच्या उंचीला जायच्या. पाठ थंडीने काकडायची आणि तोंड भाजायचं. अर्धा तास गेला न गेला की आम्ही सुरू, “मामा, झाली का?” मामा म्हणायचे, “घाई नको करू, मडकंच सांगंल.” मग ते बोटं पाण्यात बुडवून मडक्यावर शिंपडायचे. पाणी चुर्रकन उडून गेलं की पोपटी झाली. दोन काठ्यांनी मडकं बाजूला ओढून आडवं करायचे, काळा पडलेला पाला बाहेर यायचा आणि त्याच्यामागून वाफ. पहिली शेंग मामी आजीच्या हातात द्यायच्या. शेंग दातांत धरून ओढायची, दाणे तोंडात, साल ओंजळीत. वालाचा मूळचा किंचित कडवटपणा, ओवा, धूर आणि त्या पाल्याचा वास, हे सगळं मिळून एक चव होते. ती घरच्या कुकरमध्ये येत नाही. पाला मिळाला तरी येत नाही, कारण जाळ हवा आणि उघड्यावरची थंडीही हवी. अंड्यांची टरफलं तपकिरी झालेली असायची. बोलणं थांबायचं. कुणीतरी एखादी जुनी भुताची गोष्ट काढायचं आणि मामी म्हणायच्या, आता नको, पोरांना अंधारातून घरी जायचंय.

त्या शेतात रात्री गाणी लागलेली मला आठवत नाहीत. आता नदीकाठच्या कितीतरी जागांवर मोठे स्पीकर असतात आणि मध्यरात्र उलटली तरी ते वाजत असतात. पलीकडच्या पाड्यावर सकाळी कामाला जाणारी माणसं झोपलेली असतात, ह्याचा विचार जागेवाल्यांनी करायला हवा आणि आपणही. रानात रात्र काढायची तर रानाचं ऐकावं. रातव्याची टकटक इथे अजून ऐकू येते.

आमचं ठरलं आहे ते असं. तंबू नदीकाठच्या वाळूत लागणार नाहीत, वरच्या कापलेल्या खाचरात लागतील, मालकाला विचारून आणि भाडं देऊन. शेंगा त्याच्याच शेतातल्या, तो सांगेल त्या भावाने. मडकं नेरळच्या बाजारातून. स्पीकर नाही. जाळ विझवून, राख थंड झाल्याची खात्री करून झोपायचं, कारण जानेवारीत गवत वाळलेलं असतं आणि वणवा लागायला एक ठिणगी पुरते. प्लॅस्टिक जेवढं नेऊ तेवढं परत आणायचं. तुम्हीही ह्या खोऱ्यात येणार असाल तर वालाच्या शेंगा भरल्यावर या, होळीच्या आत. आणि जागा पसंत करण्याआधी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, पाणी कुठवर येतं. तो हात करून दाखवेल त्याच्या वरच राहा.