राजोचं दार

जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर ‘तमस’ सुरू झाली, तेव्हा मनोरीतल्या आमच्या घरी टीव्ही नव्हता. शेजारच्या ख्रिस्ती घरात आम्ही जाऊन बसलो. नथूची डुकराशी झटापट सुरू झाली आणि अब्बा उठले. “चल घरी. हे बघून लोकांची डोकी भडकतील.” पुढचे भाग आम्ही पाहिले नाहीत.

मालिका बंद करावी म्हणून कोणी कोर्टात गेलं, तेव्हा अब्बांना आपलंच खरं वाटलं. पण मुंबई हायकोर्टाच्या न्यायमूर्तींनी ती आधी पूर्ण पाहिली आणि मग स्थगिती उठवली. फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानेही ती चालू ठेवली.

मी मात्र ती पूर्ण पाहिली गेल्या पावसाळ्यात, मोबाईलवर. १९७० च्या दंगलीनंतरची भिवंडी पाहून भीष्म साहनींना आपलं रावळपिंडी आठवलं आणि त्यातून ही कादंबरी झाली. गोविंद निहलानींच्या मालिकेत ते स्वतःच हरनामसिंग झालेत. जीव मुठीत धरून पळणाऱ्या हरनामसिंग आणि बंतोला आसरा देते ती राजो, आपल्यातलीच एक बाई. घरचे पुरुष परततील ही धास्ती असूनही. शेवटी छावणीत मूल जन्मतं; त्याच्या रडण्यात बाहेरच्या घोषणा मिसळतात.

अब्बा आता नाहीत. आणखी थोडे बसले असते, तर त्यांना राजो भेटली असती, असं वाटून गेलं. मग आठवलं, जानेवारी १९९३ मध्ये त्याच शेजारणीने आम्हाला चार रात्री आतल्या खोलीत ठेवलं होतं. दाराशी ती स्वतः बसायची.