टक्कल, बोटीचं इंजिन आणि चोवीस वर्षांचा पोरगा

आज राजकारण नाही, रस्ता नाही. आज केस. हसू नका, विषय पैशाचा आणि जिवाचा आहे.

गेल्या आठवड्यात देवबागातला शेजारचा पोरगा घरी आला. वय चोवीस, पर्यटकांना बोटीने संगमावर आणि त्सुनामी आयलंडला नेतो. टोपी काढली आणि म्हणाला, "काका, चेडवां फोटो बघून नाय म्हणतत." मोबाईलवर एका क्लिनिकची जाहिरात. केसरोपण, हप्त्याने पैसे, 'मर्यादित काळासाठी सवलत'. इंजिनासाठी साठवलेले पैसे तो तिथे भरणार होता. उरलेले कर्ज.

मी गप्प बसलो, कारण काही वर्षांपूर्वी अशाच एका क्लिनिकची जाहिरात मी बातमीच्या थाटात लिहिली होती. आधीचा-नंतरचा फोटो छापला. ऑपरेशन कोण करणार, हे विचारलंही नव्हतं. म्हणून ही पोस्ट.

पहिली गोष्ट, निदान. आपल्याकडे सगळे विहिरीच्या खाऱ्या पाण्याला दोष देतात. खाऱ्या पाण्याने केस राठ होतात, तुटतात. पण कपाळाच्या दोन्ही बाजूंनी आणि टाळूवर विरळ होत जाणारे केस बहुधा आनुवंशिक असतात. या पोराचे वडील आणि मामा पाहिले तरी कळतं. डेंग्यू, बाळंतपण, थायरॉईड, रक्त कमी, यानेही केस जातात, पण कारण दूर झालं की ते बहुतेकदा परत येतात. चाई पडली तर उपचार आणखी वेगळा. जानेवारी २०२५मध्ये बुलढाण्यात शेगावच्या गावांत माणसांचे केस काही दिवसांत गेले, तेव्हा आयसीएमआरचं पथक आलं होतं. म्हणजे कारण आधी, उपचार नंतर.

दुसरी, औषध. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध, आता डोक्याला लावतात. सुरुवातीला केस थोडे जास्तच गळतात, घाबरून सोडू नये. फरक दिसायला चार-सहा महिने लागतात. फिनास्टेराईडची गोळी पुरुषांसाठी, तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही. काहींना लैंगिक तक्रारी होतात, मन उदास होतं. दोन्ही औषधं थांबवली की मिळालेला फायदा हळूहळू जातो.

तिसरी, शस्त्रक्रिया. केसरोपणात नवा केस तयार होत नाही. मागचा केस पुढे लावतात. मागचा साठा ठरलेला आहे. चोविसाव्या वर्षी, टक्कल अजून वाढत असताना पुढची रेषा भरून घेतली, तर पुढच्या काही वर्षांत तिच्यामागचे केस जातात आणि मध्ये बेट उरतं. म्हणजे ऑपरेशन झालं तरी औषध सुटत नाही. लावलेले केस आधी गळतात, पूर्ण चित्र दिसायला वर्ष लागतं. आणि काही आठवडे समुद्रात उतरायचं नाही. ऐन हंगामात हे परवडेल?

धोका खरा आहे. मार्च २०१९मध्ये मुंबईत ४३ वर्षांचे एक व्यावसायिक केसरोपणानंतर दोनएक दिवसांत गेले. एकाच बैठकीत नऊ हजारांहून जास्त केस लावल्याचं आणि चेहरा-घसा सुजून श्वास अडकल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. असं क्वचित होतं. पण ज्याच्या घरी होतं, त्याला 'क्वचित' सांगून काय उपयोग?

सप्टेंबर २०२२मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने स्पष्ट केलं की यूट्यूब किंवा कार्यशाळा बघून केसरोपण शिकता येत नाही, रीतसर प्रशिक्षण घेतलेला डॉक्टरच हवा. म्हणून क्लिनिकमध्ये चार प्रश्न विचारा: सुई-ब्लेड कोणाच्या हातात असणार? त्यांची पदवी आणि नोंदणी क्रमांक काय? किती केस, किती बैठकांत? रिॲक्शन आली तर ऑक्सिजन, इंजेक्शन आणि जवळचं इस्पितळ कोणतं? उत्तराऐवजी सवलत वाढवली, तर उठून या.

ऑपरेशन वाईट नाही. पस्तिशी-चाळिशीत, टक्कल स्थिरावलेल्या माणसाला योग्य हातून चांगला फायदा होतो. फक्त ती पहिली पायरी नव्हे.

पोराला ओरोसच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला सांगितलंय. तो म्हणाला, "म्हंजे काका, वर्षभर थांबूचा लागतला?" म्हटलं, होय बाबा. तोवर इंजिन घे. इंजिन असलेल्या टकल्याला स्थळ लवकर मिळतं. माझं टक्कल बघ, संसार वीस वर्षं चाललाय.

तुमच्या घरातही असा कोणी टोपीवाला असेल, तर त्याची चेष्टा करू नका. पैसे भरण्याआधी त्याच्यासोबत डॉक्टरकडे जा.