फुगलेले कपॅसिटर आणि अभ्यासिकेचा संगणक

जुने बिघडले की टाका आणि नवे आणा, असे सांगणे सोपे असते. पण ज्या घरात पगार वीस तारखेलाच संपतो, तिथे हा सल्ला उपयोगाचा नाही. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. जमाखर्च कळतो, यंत्र कळत नव्हते. ते वस्तीच्या अभ्यासिकेतील जुन्या संगणकाने शिकवले.

या संगणकावर मुले मराठी टंकलेखनाचा सराव करतात. तो बंद पडला तेव्हा मदरबोर्डच बदलावा लागेल असे सांगण्यात आले. झाकण उघडले तर प्रोसेसरजवळचे पाच कपॅसिटर डोक्यावर फुगलेले! २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या अनेक मदरबोर्डांत हा दोष जगभर निघाला. आतील द्रवाचे मिश्रण सदोष असल्याने वायू धरे आणि कपॅसिटर फुगे.

बदली कपॅसिटरसाठी आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला दोन खेपा घातल्या. जुना नग सोबत नेला, हे बरे झाले. त्यावर ६.३ व्होल्ट, १५०० मायक्रोफॅरड असे छापलेले होते. मायक्रोफॅरड तेवढेच हवेत. व्होल्ट तेवढेच किंवा थोडे जास्त चालतात, मात्र नग जाड झाला तर जागेत बसत नाही. उष्णता ८५ नव्हे, १०५ अंश सोसणारा घ्यावा. प्रोसेसरजवळ साधा कपॅसिटर टिकत नाही, 'लो ई.एस.आर.' असाच मागावा. नामांकित जपानी नाव आणि भाव मात्र अगदी पडेल, तर माल नकली असण्याचा संभव असतो. वर्षानुवर्षे पडून राहिलेला किंवा दुसऱ्या बोर्डावरून काढलेला नगही घेऊ नये.

आय.टी.आय.त शिकणाऱ्या वस्तीतील एका मुलीने डाग दिला. जुने नग काढण्यापूर्वीच तिने पट्टीची, म्हणजे ऋण बाजू कागदावर टिपून ठेवली. उलटा बसवला तर कपॅसिटर फुटतो. पॉवर सप्लायची पेटी मात्र तिने उघडू दिली नाही. वायर काढल्यावरही तिच्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहू शकतो.

संगणक सुरू झाला. खर्च एका वेळच्या भाजीएवढा आला. पण आम्हाला मोठी वाटली ती दुसरीच गोष्ट. आता वस्तीत कुणाचे यंत्र बंद पडले, की लोक आधी त्या मुलीला विचारतात. तिचे वडील बिगारी काम करतात. परवा ते तिच्यासाठी डाग देण्याची नवी कावी घेऊन आले.