रीळ घ्यावं कसं आणि जपावं कसं

"शनिवारी गरवायला गेलो होतो" असं ऑफिसात सांगितलं की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, किती मिळाले? दुसरा, त्या रिळाच्या पैशात बाजारातून किती किलो सुरमई आली असती? दुसऱ्याचं उत्तर मी देत नाही. हिशोब मलाही येतो :-)

तर मंडळी, आज रिळाबद्दल. माझे काका रत्नागिरीकडे खाडीकाठी राहतात. आयुष्यभर ते नुसती तंगूस हातात धरून गरवत आले. मासा जोरात ओढायला लागला की सोडायची, दमला की घ्यायची. बोटांवर चरे पडलेत ते त्यामुळेच. चांगलं रीळ करतं ते एवढंच. दोरी किती जोरावर सुटावी हे बोटांऐवजी ड्रॅगच्या चकत्या ठरवतात. बाकी बॉक्सवर जे छापलेलं असतं त्यातलं बरंचसं मार्केटिंग.

आता घ्यायचं कुठलं? 'सगळ्यात भारी कुठलं' असं विचारू नका, 'कुठल्या माशासाठी' ते आधी ठरवा. आपल्या खाडीतला जिताडा घ्या. गळाला लागला की पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो आणि त्याच्या कल्ल्याची कड सुरीसारखी असते. त्याला ४००० नंबरचं स्पिनिंग रीळ, ३० पौंडाची ब्रेड आणि पुढे ४० पौंडाचा जाड लीडर, एवढं पुरतं. तांबोशी आकाराने लहान, पण गळ लागताक्षणी खडकात नाहीतर तिवरांच्या मुळांत घुसते. तिथे रिळात ३०० मीटर दोरी असून काय उपयोग? पहिल्या दोन-चार सेकंदांत तिला अडवता आलं पाहिजे. सुरमईचं बरोबर उलटं. ती मोकळ्या पाण्यात सुसाट पळते, म्हणून दोरी भरपूर हवी, ड्रॅग अजिबात न अडखळता सुटणारं हवं आणि दातांमुळे पुढे तारेचा तुकडा हवा. होडीतून खडकावरचा हेकरू गरवायचा असेल तर कमी गिअर रेशोचं रीळ बरं. गुंडाळतं हळू, पण जड मासा वर खेचताना जोर मिळतो. आणि अंदमानला जायंट ट्रेवॅलीसाठी जाणार असाल तर १४००० च्या पुढचे नंबर बघा आणि खिसाही बघा. (हे नंबर कंपनीगणिक थोडे बदलतात, तेव्हा दुकानात हातात घेऊनच ठरवा.)

ड्रॅग किती आवळायचं? दोरीला वजनकाटा अडकवायचा आणि ओढायचं. तुमच्या दोरीत, गाठीत किंवा लीडरमध्ये जे सगळ्यात कमकुवत असेल त्याच्या पाव ते एक तृतीयांश वजनाला ड्रॅग सुटलं पाहिजे. ३० पौंडाला साधारण साडेतीन ते चार किलो. यात इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाची एक गंमत आहे. चकत्यांचा टॉर्क तोच राहतो, पण दोरी सुटत जाते तशी स्पूलवरची त्रिज्या कमी होते. त्रिज्या पाऊणपट झाली की चार किलोचं ड्रॅग सव्वापाच किलोचं होतं. म्हणजे मासा लांब पळाला की ड्रॅग जरा सैल करायचं. घाबरून आवळायचं नाही. दोरी तुटली तर आपला एक गळ जातो, मासा मात्र तोंडात तो गळ आणि मागे लटकणारी दोरी घेऊन फिरत राहतो. आणि मोठा जिताडा बहुतेक वेळा मादी असतो, कारण हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. त्यामुळे तुटलेली दोरी मला स्वस्त वाटत नाही.

आता निगा. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमची बॉडी आणि स्टीलचा स्क्रू एकत्र आले की छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. म्हणून घरी आल्यावर आधी ड्रॅग आवळायचं (चकत्यांत पाणी जाऊ नये म्हणून), मग गोड्या पाण्याची हलकी धार सोडायची. बादलीत बुडवायचं नाही, प्रेशरचा पाइप मारायचा नाही, कारण त्याने मीठ आणखी आत जातं. पुसून सावलीत वाळवायचं आणि ठेवताना ड्रॅग सैल सोडायचं, नाहीतर चकत्या दबून राहतात. लाइन रोलर आणि मुठीच्या बेअरिंगला तेलाचा एकेक थेंब, गिअरला ग्रीस. पावसाळ्यात एकदा पूर्ण उघडायचं. उघडताना प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढायचा. आमच्या धंद्यात याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात.

हे सगळं आज लिहायचं कारण काकाच. गेल्या वर्षापासून संधिवाताने त्यांच्या उजव्या हाताची बोटं नीट मिटत नाहीत. तंगूस धरवत नाही. मे महिन्यात त्यांनी गऱ्यांचा पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "तू ने आता." एवढंच.

दिवाळीत मी ४००० चं एक रीळ त्यांच्यासाठी तयार करून नेलं. मुठीला मोठा गोल नॉब लावला, म्हणजे तळव्यानेही फिरवता येईल. दांडी डाव्या हातात. "यंत्रच माशाला दमवणार, मग मी काय करू?" म्हणून आधी हसले. मग मला दोरी ओढायला लावली आणि स्पूलवर अंगठा ठेवून बराच वेळ ड्रॅगचा आवाज ऐकत बसले. "अजून जरा सोड," म्हणाले. काट्यावर बघितलं तर साडेतीन किलो. त्यांना काटा लागला नाही.

परवा काकूचा फोन होता. रीळ रोज धुतलं जातंय, गरवून आले तरी आणि नाही आले तरी. आणि हो, डबा परत मागवलाय.