पोटभाड्याचा व्यापार

दोन वर्षांमागे अक्षय्यतृतीयेच्या दिवशी, आमरसाचे जेवण उरकल्यावर, आमच्या कनिष्ठ बंधूंच्या चिरंजीवांनी सर्व मंडळींसमोर जाहीर केले की, नोकरी सोडून आपण वेब होस्टिंगचे रिसेलिंग सुरू करणार. आमच्या भावजयीस वाटले, मुलगा खाणावळ काढतो आहे.

"म्हणजे तू नेमके विकणार काय?" आम्ही विचारले.

"जागा, काका."

शनिवार पेठेत जागेचा व्यवहार कोणास शिकवावा लागत नाही. तरी ही जागा निराळी. दुकानदाराचे वा दवाखान्याचे संकेतस्थळ म्हणजे अखेर काही लिखाण, काही चित्रे व आलीगेली पत्रे. ती अहोरात्र जाग्या असणाऱ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवावी लागतात. असे सर्व्हर बाळगणे हे मोठ्या कंपनीचे काम. तिच्याकडून जागेचा एक घाऊक तुकडा मासिक भाड्याने घ्यावयाचा, त्याच्या खोल्या पाडावयाच्या, आणि आपल्या नावाची पाटी लावून त्या गिऱ्हाइकांस वार्षिक भाड्याने द्यावयाच्या. मूळ मालक कोण, हे गिऱ्हाइकास बहुधा कळतही नाही.

"अरे, हे तर पोटभाडे!" आम्ही म्हणालो. जुन्या वाड्यातील एका बिऱ्हाडकरूने मागल्या खोलीत पोटभाडेकरू ठेवला, म्हणून आमच्या वडिलांनी अकरा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या होत्या. तेव्हा त्या शब्दासरशी माजघरात क्षणभर कोणी बोलले नाही. त्यात आमची मास्तरकी जागी झाली. मनूने व्यवहाराची अठरा पदे सांगितली आहेत. त्यांत दुसरे निक्षेप, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव, आणि तिसरे अस्वामिविक्रय, म्हणजे आपल्या मालकीचे नसलेले विकणे. तुझ्या धंद्यात ही दोन्ही एकाच खोलीत नांदणार, असे आम्ही त्यास बजावले.

"पण काका, येथे मालकच पोटभाडेकरू शोधीत असतो," तो म्हणाला. तेही खरे. मुंबईच्या तुराखिया बंधूंनी १९९८ साली काढलेल्या डिरेक्टी कंपनीने 'रिसेलरक्लब' या नावाने अशा किरकोळ विक्रेत्यांनाच माल पुरविण्याचा व्यापार उभारला आणि २०१४ साली तो एका अमेरिकन कंपनीच्या हाती गेला. चिरंजीवांचा हिशेबही चोख होता. महिना दीड हजार भाडे, वर्षास एका गिऱ्हाइकाकडून तीन हजार. सहा गिऱ्हाइकांत भाडे निघते, पुढचा नफा. आम्ही आमच्या पुंजीतून पन्नास हजार रुपये त्यास दिले. (नफ्यात गिऱ्हाइकांचे रात्री अकरा वाजता येणारे दूरध्वनी धरलेले नव्हते. शिवाय 'सीपॅनेल' या व्यवस्थापनाच्या प्रणालीने २०१९ पासून खात्यांच्या संख्येवर दर आकारण्यास आरंभ केला आहे. ती झळही मूळ मालकामार्फत पोटभाडेकरूपर्यंत पोहोचतेच.)

जाहिरातीच्या कागदावरून मात्र आमचा खटका उडाला. त्यावर ठळक अक्षरांत 'अमर्याद जागा' असे छापले होते. विकत घेतलेली जागा मोजकी, मग अमर्याद कोठून द्यावयाची? "सगळेच असे लिहितात, कोणीच पुरती जागा वापरीत नाही," हे त्याचे उत्तर. संस्कृतात अमर्याद म्हणजे मर्यादा सोडून वागणारा, एवढे सांगून आम्ही गप्प बसलो. पैसे दिलेल्या माणसाने फार बोलू नये, असे तेव्हा आम्हांस वाटले.

पहिल्या वर्षी बावीस गिऱ्हाइके जमली. त्यांत सदाशिव पेठेतील एक फराळवाल्या बाई होत्या. गेल्या दिवाळीस आठ दिवस राहिले असता मूळ मालकाचा सर्व्हर बिघडला. एकोणीस तासांनी तो उभा राहिला, तो अकरा दिवसांपूर्वीची प्रत घेऊन. मधल्या मागण्या आणि पत्रे नाहीशी झाली. चिरंजीवांनी स्वतंत्र प्रत ठेवली होती. परंतु त्याच यंत्रावर! बाईंनी मोठ्या मागण्या वहीत उतरून घेतल्या होत्या म्हणून बऱ्यापैकी निभावले. बाकीच्या गेल्या त्या गेल्याच. दूरध्वनीवर त्या एवढेच म्हणाल्या, "तुमच्याकडे ठेवले होते ना?"

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पेठांत पाणी शिरले, तेव्हा आम्ही चार वर्षांचे होतो. वडिलांनी रघुवंशावरील आपली टिपणे दोनदा उतरून काढली होती, एक प्रत हरवल्यास दुसरी असावी म्हणून. दोन्ही प्रती तळमजल्याच्या एकाच कपाटात होत्या. त्यांचा चिखल आईने सुपाने भरून बाहेर टाकला, असे ते पुढे सांगत. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे सर्व्हरघर जळाले, तेव्हाही ज्यांची दुसरी प्रत त्याच आवारात होती, त्यांपैकी अनेकांची हीच गत झाली.

"यंत्र बिघडले, त्यात माझा काय दोष?" चिरंजीव म्हणाले. आम्ही मनूचा आठवा अध्याय काढला. ठेव चोराने नेली, पाण्याने वाहिली वा अग्नीने जळली, तर ठेवून घेणाऱ्याने ती भरून देऊ नये, असे तेथे आहे. त्याचा चेहरा उजळला. पण पुढेच अट आहे: त्याने त्यातून स्वतः काही घेतलेले नसेल तर. वार्षिक तीन हजार हे त्यातून घेणेच, असा अर्थ आम्ही लावला. टीकाकार तो मान्य करतील की नाही, कोण जाणे. चिरंजीव मात्र उठले, सायकल काढली आणि बाईंचे वर्षाचे पैसे देऊन आले. पैशांऐवजी पुढील वर्ष फुकट द्यावे, अशी भावजयीची सूचना होती; बाईंना पुढील वर्षच नको होते.

आता प्रत्येक रात्री एक प्रत दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या शहरातील यंत्रावर जाते. महिन्यातून एकदा त्यातील एखादे संकेतस्थळ पुन्हा उभे करून पाहिले जाते. कारण न उघडलेली प्रत म्हणजे न वाचलेले मृत्युपत्र, असे चिरंजीवच म्हणतात. नव्या कागदावर अमर्याद हा शब्द नाही, जागेचा आकडा आहे. त्यापायी दोन गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. आमच्या पन्नास हजारांपैकी एकवीस हजार परत आले आहेत.

तिसरी प्रत एका लहानशा डिस्कवर असते. दर एकादशीस तो ती आम्हांस आणून देतो. आम्ही चिठ्ठीवर तिथी व तारीख घालून ती दुसऱ्या मजल्यावरील कपाटात ठेवतो आणि किल्ली जानव्यास बांधतो.